दुकानातला माल ऑनलाईन विकायचाय? आमच्या चपलांच्या दुकानाचा अनुभव, पहिल्या स्टेपपासून

आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. छोटंच, दहा बाय बाराचं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, चाळीस वर्षं त्याच गादीवर बसतायत. लॉकडाऊनमध्ये शटर खाली गेलं आणि कारागिरांचे पैसे तर द्यायचे होते, तेव्हा ऑनलाईनचं काम माझ्याकडे आलं कारण घरात मोबाईल नीट वापरणारी मीच होते. पहिल्या वर्षात खूप चुका केल्या आणि त्यात बरेच पैसे गेले. आता आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, ताई आम्हालाही चालू करायचंय, कुठून सुरू करू? म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढते. उदाहरणं चपलांची आहेत पण तुमचं साड्यांचं, भांड्यांचं, खेळण्यांचं दुकान असलं तरी बराचसा भाग तसाच लागू पडेल.

आधीच सांगून ठेवते, ऑर्डर येतात. खरंच येतात. सगळ्यात जास्त पैसे जातात ते परत आलेल्या मालात. त्यामुळे खाली प्रत्येक ठिकाणी माझं लक्ष त्याच गोष्टीवर आहे, माल परत का येतो आणि तो येऊ नये म्हणून काय करायचं.

१. खातं उघडायच्या आधी एका नगाचा हिशोब मांडा

हे कुणीच करत नाही, मीही केलं नव्हतं. दुकानात आपण ६५० ला पडलेला जोड ९५० ला विकतो, म्हणून वाटतं ऑनलाईन ११९९ लावले की झालं. वही घ्या आणि एका जोडाचं लिहा. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या मालाचे दर वेगळे असतील:

खरेदी ६५०
जीएसटी (११९९ मध्ये धरलेला ५ टक्के) ५७
साईटचं कमिशन आणि फी साधारण १८०
पोचवायचा खर्च ९०
बॉक्स, पिशवी, टेप, कार्ड २५

बेरीज १००२. हातात राहिले १९७. कमिशन आणि कुरिअरवरचा जीएसटी मी यात धरला नाहीये, कारण रेग्युलर जीएसटी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

आता पाच ऑर्डर गेल्या आणि त्यातली एक परत आली असं धरा. चार जोडांचे ७८८ मिळाले. परत आलेल्या जोडाचं जायचं भाडं, यायचं भाडं, पॅकिंग मिळून २१५ गेले, उरले ५७३. इथपर्यंत ठीक आहे. पण तो जोड चिखलात वापरून, अंगठा तुटून परत आला तर त्याची ६५० ची खरेदीही गेली, म्हणजे पाच ऑर्डर करून तुम्ही ७७ रुपये तोट्यात. जाहिरातीचा खर्च अजून धरलाच नाही. हे गणित मला सहा महिन्यांनी कळलं. तुम्ही ते पहिल्या दिवशी करा आणि मगच भाव ठरवा. ज्या मालात हे गणित बसत नाही तो माल दुकानातच विका, त्याला ऑनलाईन नेऊ नका. आमच्याकडे तीनशे-साडेतीनशेवाल्या साध्या चपला आम्ही कधीच ऑनलाईन लावत नाही.

२. कागदपत्रं गोळा करा

एका फाईलमध्ये आणि मोबाईलच्या एका फोल्डरमध्ये हे सगळं स्कॅन करून ठेवा, कारण दर चार दिवसांनी कुणीतरी हेच मागतं:

- पॅन आणि आधार (आधारला मोबाईल नंबर लिंक हवा, नाहीतर ओटीपीवर गाडी अडते)
- दुकानाचं लाईट बिल किंवा भाडेकरार, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र
- गुमास्ता (दुकानाची नोंदणी). वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाईन सूचना द्यावी लागते, तिची पावती
- कॅन्सल चेक, शक्यतो करंट खात्याचा
- उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी)
- जीएसटी नंबर
- खायचा माल असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, त्याशिवाय पुढे जाताच येत नाही

यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबते.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पूर्ण फुकट. पण गुगलवर शोधलं की वर हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साईट येतात आणि दीड-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी जीओव्ही डॉट इन आहे का बघा, नसेल तर बाहेर पडा. जीएसटी नोंदणीलाही सरकारची फी नाही, सीए किंवा कन्सल्टंटला त्याच्या कामाचे पैसे द्याल ते वेगळे.

जीएसटीबद्दल तर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर लागत नाही हे बरोबर, पण ते राज्यातल्या राज्यात. बेळगावला जोड पाठवायचा म्हटलं तरी तो दुसऱ्या राज्यात गेला, तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नंबर लागतो. हाताने बनवलेल्या काही वस्तूंना यात सूट आहे, ती आपल्या मालाला लागू होते का हे सीएला विचारून घ्या, अंदाजाने चालू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून एक चांगली सोय झालीये, नंबर नसलेला छोटा दुकानदारही ऑनलाईन साईटवरून आपल्याच राज्यात विकू शकतो, त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून एनरोलमेंट नंबर घ्यायचा असतो. चाचपडून बघायचं असेल तर ही वाट चांगली आहे, फक्त प्रत्येक साईट असा विक्रेता घेतेच असं नाही, आधी विचारा.

आणि एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. नाही भरलं तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये लेट फी चढत जाते. आमच्या ओळखीतल्या एकांनी उत्साहात नंबर घेतला, विक्री झाली नाही म्हणून विसरून गेले आणि वर्षाने भरायला गेले तर आकडा बघून घाबरले.

३. पहिली विक्री आपल्याच गिऱ्हाईकांना करा, व्हॉट्सॲपवर

लगेच मोठ्या साईटवर जायची घाई करू नका. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात कॅटलॉग करता येतो, ठरलेली उत्तरं सेव्ह करता येतात, 'पैसे आले', 'पॅक झालं', 'पाठवलं' अशी लेबलं लावता येतात. सुरुवातीला एवढं पुरतं.

नंबर कुठून आणायचे? दुकानातून. आप्पांच्या गादीशेजारी एक वही ठेवली आणि आलेल्या प्रत्येकाला विचारलं, काकू, नवीन डिझाईन आलं की फोटो पाठवला तर चालेल का? हो म्हटलं तरच नंबर लिहायचा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं एकदा चप्पल घेऊन जातात आणि परत पुण्याला, मुंबईला, हुबळीला गेल्यावर ती चप्पल झिजली की त्यांना तशीच पाहिजे असते. ही माणसं तुमचं दुकान बघून गेलेली असतात, त्यांना भरवसा द्यायला लागत नाही. चार महिन्यांत आमच्याकडे तीनेकशे नंबर जमले आणि पहिल्या साठ-सत्तर ऑर्डर त्यातूनच आल्या. कमिशन शून्य.

रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवू नका. आठवड्यातून एकदा, तेही नवीन माल असेल तरच. नाहीतर लोक ब्लॉक करतात आणि बऱ्याच जणांनी ब्लॉक केलं की नंबरच बंद पडू शकतो.

याच वेळी गुगलवर दुकानाचं प्रोफाईल करून घ्या, तेही फुकट आहे. फोटो, वेळ, फोन नंबर, लोकेशन टाका. बाहेरगावचा माणूस पैसे पाठवायच्या आधी दुकान खरं आहे का हे तिथेच बघतो.

४. दहाच डिझाईन निवडा आणि फोटो नीट काढा

आम्ही पहिल्यांदा ६४ डिझाईन लावली होती. त्यातली निम्मी दुकानात आधीच विकून गेलेली, ऑर्डर आली की पळापळ, कारागिराला फोन, ते म्हणणार पंधरा दिवस लागतील, मग ऑर्डर कॅन्सल, मग साईटवर रेटिंग खाली. हाताने बनणारा माल आहे, मशीनसारखा निघत नाही. आता फक्त दहा-बारा डिझाईन आहेत, कापशी, पुडा, बक्कलनाली, कुरुंदवाडी आणि बायकांच्यातले पाच-सहा प्रकार, आणि त्यांचे जोड वेगळ्या मांडणीवर ठेवलेत. त्या मांडणीवरचा जोड दुकानात कुणी कितीही मागितला तरी काढायचा नाही. आप्पांना हे पटायला वेळ लागला, समोर उभं असलेलं गिऱ्हाईक सोडून न दिसणाऱ्या गिऱ्हाईकासाठी माल अडवून ठेवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं, पण आता तेच कुणाला हात लावू देत नाहीत.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. गच्चीवर सकाळी आठ-नऊला, सावलीत, पांढरा कार्डशीट खाली. फ्लॅश नको, फिल्टर तर अजिबात नको. फिल्टर लावला की तेलकट तपकिरी रंग केशरी दिसायला लागतो आणि मग "रंग वेगळा आला" म्हणून जोड परत. एका जोडाचे निदान सहा फोटो काढा: वरून, बाजूने, मागून टाच, खालून तळ, शिलाई किंवा वेणी अगदी जवळून, आणि पायात घातलेला. तळाचा फोटो बरेच जण टाकत नाहीत, पण कातड्याचे थर मोजून जोड घेणारं गिऱ्हाईक आधी तळच बघतं.

वर्णनात जे दुकानात तोंडी सांगता ते सगळं लिहा. कातड्याला आणि तेलाला वास असतो, पंधरा दिवसांनी कमी होतो. पहिले चार-पाच दिवस अंगठा लागतो, मग मऊ पडतो. दोन चपलांच्या रंगात किंचित फरक असू शकतो, कारण कातडं नैसर्गिक आहे. पावसात वापरायची नाही. हे लिहिलं तर विक्री कमी होईल असं मला वाटायचं. उलट झालं, तक्रारी कमी झाल्या. आणि रेक्झिन असेल तर रेक्झिन लिहा, लेदर लिहू नका, माल हातात पडल्यावर लपत नाही.

एक सावधगिरी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जीआयचं चिन्ह किंवा "जीआय सर्टिफाईड" असं लिहायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आमच्याकडे माल देणाऱ्या ज्या कारागिरांची नोंदणी आहे त्यांच्याच जोडांवर आम्ही ते लिहितो. पैठणी, सोलापुरी चादर, वारली विकणाऱ्यांनीही हे बघून घ्या.

५. नंबरचं, म्हणजे मापाचं काम, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिल्या वीस ऑर्डरमधले सात जोड परत आले आणि सातही नंबरमुळे. मी डोक्याला हात लावून बसले होते. आप्पा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले, जरा गादीशेजारी येऊन बस. बसले. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं आठ नंबर द्या. आप्पांनी त्याचा पाय बघितला, आठच्या ऐवजी सात काढला. त्याला उभं केलं. "बसून नको, उभं राहून सांगा." मग वाकून त्याच्या टाचेमागे करंगळी लावून बघितली, मग अंगठ्याच्या पट्टीत बोट घालून बघितलं. "चार दिवस आवळंल, मग सैल होतीया. आठ दिला तर महिन्यात फटाफट वाजंल." गिऱ्हाईक सात घेऊन गेलं.

तेव्हा मला कळलं की दुकानात आपण जे न बोलता करतो ते ऑनलाईन कुणीच करत नाहीये. साईटवर गिऱ्हाईक त्याच्या बुटाचा नंबर टाकतं. बूट पायाला सगळीकडून धरतो, कोल्हापुरी फक्त अंगठा आणि पट्टीवर धरते, आणि कातडं वापरून सैल होतं. वर आपल्याकडे प्रत्येक कारागिराचा फरमा (साचा) वेगळा, एकाचा आठ आणि दुसऱ्याचा आठ शेजारी ठेवले तर पाव इंचाचा फरक सहज निघतो.

मग आम्ही हे केलं:

पहिलं, आलेला प्रत्येक जोड टेपने मोजायचा. टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत तळाची लांबी सेंटीमीटरमध्ये, आणि रुंद भागाची रुंदी. तळावर नंबरचा शिक्का काहीही असो, आम्ही मापाप्रमाणे लावतो.

दुसरं, गिऱ्हाईकाला पाय मोजायला लावायचं. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, पेन सरळ धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा, दोन्ही पायांचं करा आणि मोठा आकडा पाठवा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. हे मी आप्पांच्याच पायाचा व्हिडिओ काढून केलंय, चाळीस सेकंदाचा, आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली की पैसे घ्यायच्या आधी तो जातो.

तिसरं, एकच जास्तीचा प्रश्न: पाय रुंद आहे का, बुटात कडेला टोचतं का? हो म्हटलं तर पट्टी थोडी सैल असलेला जोड निवडायचा.

मोठ्या साईटवर एवढं बोलता येत नाही, तिथे फोटोंमधला दुसराच फोटो मापाच्या तक्त्याचा ठेवा, त्यावर टेप लावलेला तळ दाखवा आणि मोठ्या अक्षरात लिहा की बुटाचा नंबर बघून घेऊ नका, सेंटीमीटर बघा. आमच्याकडे नंबरमुळे परत येणारे जोड आता विसात एक-दोन असतात.

तुमच्या मालात 'नंबर' वेगळा असेल. साडीत तो रंग आणि पोत आहे, ब्लाऊज पीसची लांबी आहे. भांड्यांत वजन आणि लिटर आहे, फोटोत तपेलं केवढं आहे ते कळत नाही, शेजारी वाटी किंवा हात ठेवून फोटो काढा. आठ दिवस गल्ल्यावर बसून लिहून काढा की गिऱ्हाईक घ्यायच्या आधी काय हात लावून बघतं आणि काय विचारतं. तेच तुमचं वर्णन.

६. आता मोठ्या साईटवर खातं

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, यातलं एकच आधी निवडा. तीन ठिकाणी एकदम गेलात तर स्टॉक सांभाळता येणार नाही. मीशोवर कमिशन नसतं पण तिथलं गिऱ्हाईक स्वस्त माल शोधणारं आहे, हजाराच्या पुढचा जोड तिथे आमचा चालला नाही. सरकारी पुढाकारातून आलेलं ओएनडीसी आहे, त्यात एका ॲपवर माल लावला की इतर ॲपवरच्या गिऱ्हाईकालाही दिसतो. आमच्या मालाला त्यातून फार ऑर्डर आल्या नाहीत.

खातं उघडताना पॅन, जीएसटी आणि बँक खातं तिन्हीवर नाव अगदी सारखं असू द्या. आप्पांच्या पॅनवर पूर्ण नाव आणि बँकेत आडनाव आधी, एवढ्यावरून आमचं खातं तीन आठवडे अडकलं होतं.

नाव टाकताना लोक काय टाईप करतात ते बघा. इंग्रजीत कोल्हापुरी तीन-चार स्पेलिंगने लिहितात, कुणी चप्पल लिहितं, कुणी सँडल. नावात आणि शोधाच्या शब्दांत हे सगळं बसवा. मूळ देश, विक्रेत्याचं नाव-पत्ता, एकूण किंमत, परतीचे नियम या गोष्टी दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, त्या रकान्यांत काहीही टाकून मोकळं होऊ नका.

खातं चालू झालं की फोन सुरू होतात, "मी तुमचा अकाउंट मॅनेजर बोलतोय, पाच हजार भरा, पहिल्या पानावर आणतो." ओटीपी, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. खरा निरोप खात्याच्या आतच येतो.

७. पॅकिंग आणि कुरिअर

कुरिअरवाले वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचं आणि आकाराचं, आणि जे जास्त त्याचे पैसे. आकाराचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, हा सगळ्यात जास्त चालणारा हिशोब. आम्ही आधी बुटाच्या बॉक्समध्ये पाठवायचो, ३३ बाय २० बाय १२. ते होतं १.५८ किलो, म्हणजे दोन किलोचं भाडं. जोडाचं खरं वजन साधारण पाऊण किलो! मग आम्ही दोन्ही चपला तळाला तळ लावून, मध्ये कागद घालून, ३० बाय १४ बाय ९ चा बॉक्स बनवून घेतला. ०.७५६ किलो, म्हणजे एक किलोचं भाडं. फक्त बॉक्स बदलून हे पैसे वाचले, म्हणून पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन आपला बॉक्स मोजा.

स्पीड पोस्ट विसरू नका. खेड्यापाड्यातल्या पिनकोडला जिथे कुरिअर जात नाही तिथे पोस्टमन जातो.

पावसाळ्यात चामड्याचं वेगळं जपावं लागतं. जूनपासून जोडाला बुरशी धरते, पांढरी पूड दिसली की गिऱ्हाईक जुना माल म्हणून परत करतं. आम्ही पंख्याखाली सुकवून, कोरड्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून, ओलावा शोषणारी छोटी पुडी टाकतो आणि प्लास्टिकची पिशवी फक्त बॉक्सच्या बाहेरून लावतो.

पॅक करताना व्हिडिओ काढा, प्रत्येक ऑर्डरचा. एकाच शॉटमध्ये जोड, नंबर, लेबल आणि टेप लावणं. एका साईटवर आमच्याकडे परत आलेल्या बॉक्समध्ये जुनी रबरी चप्पल निघाली होती. क्लेम केला, पुरावा मागितला, व्हिडिओ नव्हता, पैसे गेले. तेव्हापासून परत आलेला बॉक्स फोडतानाही व्हिडिओ चालू असतो, आणि क्लेमची मुदत अगदी थोडे दिवस असते म्हणून बॉक्स आला त्याच दिवशी फोडायचा.

८. कॅश ऑन डिलिव्हरी

बंद करून टाकावी असं वाटेल, पण पूर्ण बंद केली तर नवीन गिऱ्हाईक येत नाही. दारात जाऊन न घेता परत आलेल्या पार्सलचं दोन्हीकडचं भाडं मात्र आपल्यालाच बसतं. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरला आम्ही १०० रुपये आधी घेतो, उरलेले दारात. ज्याला खरंच घ्यायचंय तो शंभर देतो. पाठवायच्या आधी एक फोन, पत्ता वाचून दाखवायचा, जवळची खूण विचारायची आणि "घरी कोण असेल?" हे विचारायचं. भर दुपारी नवरा-बायको दोघं कामावर, दाराला कुलूप, म्हणून कितीतरी पार्सलं परत येतात.

९. फसवणुकीचे दोन प्रकार नक्की भेटतील

एक, पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच.

दोन, "मी आर्मीतून बोलतोय, युनिटसाठी पन्नास जोड हवेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स येईल." पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. चुकून गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके अडवले जायची शक्यता जास्त.

१०. टॅक्स आणि सोमवारची वही

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. म्हणजे भाव २५०० च्या जरा वर ठेवलात तर टॅक्स एकदम उडी मारतो, हे भाव ठरवताना लक्षात असू द्या.

साईट तुमच्या पैशातून जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्का आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस ०.१ टक्का कापते. हे पैसे बुडत नाहीत. टीसीएस जीएसटी पोर्टलवर दिसतो, तो आपण स्वीकारला की तिथल्या आपल्या कॅश लेजरमध्ये (शिल्लक खात्यात) येतो. आम्ही दीड वर्ष तो स्वीकारलाच नव्हता, सीएने विचारलं तेव्हा कळलं. छोट्या व्यापाऱ्याला तीन महिन्यांनी रिटर्न भरायची सोय आहे, तीही विचारून घ्या.

दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी एक तास मी वही घेऊन बसते. रकाने एवढेच: ऑर्डर नंबर, डिझाईन, नंबर, कारागीर, विकलेला भाव, खात्यात आलेले पैसे, परत आला का, आला तर का. साईटवरून पैसे डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी आणि सगळे एकत्र येतात, त्यामुळे कुठल्या ऑर्डरचे किती आले ते असं जुळवल्याशिवाय कळत नाही, आणि आकाराचं वजन चुकीचं धरून जास्त कापलेलं याच तासात सापडतं. 'का' हा रकाना कधी रिकामा ठेवू नका. त्यातूनच आम्हाला कळलं की एका ठराविक कारागिराच्या पुड्याचा अंगठा सतत घट्ट येतोय. आप्पांनी त्यांना बोलावून जोड दाखवला, त्यांनी पट्टी दोन सूत सैल केली.

११. परदेशातून विचारणा आली तर

येतेच. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गाजावाजा झाला, तेव्हा आम्हाला आठवडाभर दुबई, लंडन, न्यू जर्सीहून आपल्याच माणसांचे मेसेज येत होते. माल बाहेर विकायला आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) लागतो, ५०० रुपये फी, ऑनलाईन मिळतो. पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र छोट्या माणसाला बरं पडतं, तिथले लोक फॉर्म भरायला मदत करतात. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला असलेली ड्युटीची माफी काढून टाकलीये, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाईकाला ड्युटीचं आधीच सांगा. परदेशातून जोड परत आणणं आपल्याला परवडत नाही, म्हणून तिकडच्या ऑर्डरला आम्ही पायाच्या मापाचा कागदच फोटो काढून मागवतो, टेप शेजारी ठेवून, दोन्ही पायांचा, आणि जोड निवडायला तो फोटो आप्पांच्या हातात देतो.